‘कॉल ऑफ’ कुठे लावायचं आणि कुठे नाही

चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅचला लागून मला तीन महिने झाले असतील. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, बराचसा माल युरोपात जायचा. एके सकाळी तिकडच्या गिऱ्हाइकाचा मेल आला. विषय ‘डिलिव्हरी कॉल-ऑफ’, खाली पार्ट नंबर आणि ४०० नग. नववीत वहीच्या समासात लिहून पाठ केलं होतं, कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे. मी पॅकिंगला जाऊन सांगितलं, हे चारशे बाजूला काढा, ऑर्डर गेली. खोकी परत रॅकवर चढली.

दोन दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा कळलं, की खरेदीच्या व्यवहारात ‘कॉल-ऑफ’ या नामाचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. वर्षभराचा एकच मोठा करार करून ठेवतात आणि लागेल तसा त्यातला माल मागवतात. अशा एकेका मागणीला कॉल-ऑफ म्हणतात. गिऱ्हाईक सांगत होतं ‘पाठवा’, मी वाचलं ‘नको’. ते चारशे नग मग विमानाने गेले आणि भाड्याचा आकडा साहेबांनी मला मोठ्याने वाचायला लावला.

तेव्हापासून नवीन मुलं-मुली डिस्पॅचला आली, की त्यांना हे एक क्रियापद मी स्वतः शिकवतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना तर हमखास. ज्या क्रमाने शिकवतो त्याच क्रमाने इथे लिहितोय. मधेमधे अडेल तिथे थांबा, पण चौथी पायरी गाळू नका. नव्वद टक्के चुका मला तिथेच दिसतात.

पहिली पायरी : ‘ऑफ’ला घाबरू नका

‘कॉल’ म्हणजे बोलावणे आणि ‘ऑफ’ म्हणजे बंद, मग दोन्ही मिळून रद्द कसं काय, असं सगळे विचारतात. मी उलट विचारतो : ‘टाकणे’ म्हणजे फेकणे ना? मग ‘देऊन टाक’, ‘सांगून टाक’, ‘मोडून टाक’ यात कोण काय फेकतं? आपल्या भाषेतही शेजारी बसलेलं क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून नुसता रंग देतं. इंग्रजीत तेच काम ‘ऑफ’, ‘आउट’, ‘अप’ करतात. हे एकदा पटलं, की अर्धी भीती जाते.

चित्रच हवं असेल, तर कुत्र्याचं ठेवा. अंगावर धावून गेलेल्या कुत्र्याला मालक हाक मारून मागे घेतो, त्याला इंग्रजीत ‘कॉल ऑफ द डॉग’ म्हणतात. यात तीन गोष्टी आहेत. काहीतरी सुरू आहे किंवा सुरू होणार आहे, ते थांबवण्याचा अधिकार कुणाकडे तरी आहे, आणि त्याने तोंडाने तसं सांगितलं आहे. पुढचं सगळं या तिन्हीतून निघतं.

दुसरी पायरी : मराठीत तिथे कोणतं क्रियापद येतं ते बघा

आपली अडचण अशी, की बोलताना आपण सगळंच ‘कॅन्सल’ करतो. मॅच कॅन्सल, तिकीट कॅन्सल, लग्न कॅन्सल, गावाला जायचं कॅन्सल. पण चांगली मराठी बोलणारी आजी हे शब्द वेगवेगळे वापरते. तिचं ऐका. लग्न मोडतं. संप मागे घेतात. शोध थांबवतात. सभा किंवा सामना रद्द करतात. चार निराळी मराठी क्रियापदं, आणि चारही ठिकाणी इंग्रजीत ‘कॉल ऑफ’ बेलाशक चालतं.

उलट दिशेने आलात, तर एकटं ‘रद्द’ इंग्रजीत वेगवेगळ्या वाटांना फुटतं. तिकीट, ऑर्डर, वर्गणी रद्द केली, की ‘कॅन्सल’. परवाना रद्द झाला, तर ‘कॅन्सल’ किंवा ‘रिव्होक’. कायदा रद्द झाला, तर ‘रिपील’. यातल्या एकालाही ‘कॉल ऑफ’ लागत नाही. ‘आय कॉल्ड ऑफ माय तिकीट’ म्हणालात, तर समोरचा हसणार नाही, पण तुम्ही तिकिटाला हाका मारताय असं त्याला वाटेल.

एकाच प्रकरणात दोन्ही शब्द बघायचे असतील, तर २०२१ सालचं दिल्लीच्या सीमेवरचं शेतकरी आंदोलन घ्या. नोव्हेंबरच्या अखेरीस संसदेने तिन्ही कृषी कायदे रद्द केले. मराठी बातमीत ‘रद्द’, इंग्रजीत ‘रिपील’. डिसेंबरात आंदोलन संपलं, तेव्हा आपल्याकडे ‘मागे घेतलं’ आणि इंग्रजी मथळ्यांत ‘कॉल्ड ऑफ’. गंमत म्हणजे शेतकरी नेत्यांनी स्वतः ‘सस्पेंड’ हा शब्द वापरला होता, म्हणजे स्थगित. गरज पडली तर पुन्हा बसू, ही फट त्यांनी शब्दातच ठेवली. इतिहासाच्या पुस्तकातही हेच सापडेल. चौरीचौरानंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधीजींनी असहकार चळवळ थांबवली, तिथे इंग्रजी पुस्तकं सर्रास ‘कॉल्ड ऑफ’ लिहितात आणि मराठीत ‘स्थगित केली’ किंवा ‘मागे घेतली’ असं आपण वाचलेलं असतं. रद्द सहसा कुणी लिहीत नाही. चालू चळवळ रद्द कशी होईल?

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘कॅन्सल’ बहुतेक वेळा अजून न झालेल्या गोष्टीला लागतं. ‘कॉल ऑफ’ मात्र ठरलेल्या गोष्टीलाही लागतं आणि चालू असलेल्या गोष्टीलाही. म्हणून ‘द सर्च वॉज कॉल्ड ऑफ’चं भाषांतर ‘शोध रद्द झाला’ असं दिसलं, की मला पेन उचलावंसं वाटतं. शोधकार्य थांबवलं, इतकं साधं आहे ते.

लग्नाचं एक जपून. आपल्याकडे ‘लग्न मोडलं’ म्हटलं, की ठरलेलं मोडलं का झालेलं मोडलं हे पुढच्या वाक्यावरून कळतं. ‘कॉल ऑफ’ फक्त ठरलेल्याला लागतं, आणि त्यासाठी शब्द ‘वेडिंग’. ‘मॅरेज’ लिहून घोळ घालू नका. साखरपुडा झाल्यावर मोडलं, तर ‘एंगेजमेंट’ला ‘कॉल ऑफ’ चालतं, ‘ब्रेक ऑफ’ही चालतं. संसार मोडला असेल, तर हे क्रियापद बाजूला ठेवा.

तिसरी पायरी : निर्णय कुणाचा, हे विचारा

कुत्र्याच्या चित्रात हाक मारणारा मालक होता. ‘कॉल ऑफ’मागे नेहमी असा कुणीतरी असतो : पंच, अध्यक्ष, युनियन, मुलीचे वडील, नाहीतर मुलगी स्वतः. म्हणून ‘रेन कॉल्ड ऑफ द मॅच’ खटकतं. पाऊस निर्णय घेत नाही, पंच घेतात. ‘द मॅच वॉज कॉल्ड ऑफ बिकॉज ऑफ रेन’ असं म्हणा. ब्रिटिश लोकांकडे यासाठी एक सुटसुटीत शब्द आहे, ‘रेन्ड ऑफ’. अमेरिकन त्यालाच ‘रेन्ड आउट’ म्हणतात.

कुणी काही ठरवलंच नाही आणि गोष्ट आपोआप गळाली, तर ‘फॉल थ्रू’. आपल्याकडे याला दोन सुंदर शब्द आहेत, बारगळणे आणि फिसकटणे. फ्लॅटचा व्यवहार बारगळला, सोयरीक फिसकटली, दोन्हीकडे ‘फेल थ्रू’. पण मुलीकडच्यांनी फोन करून ‘आम्हाला पुढे जायचं नाही’ असं सांगितलं, की मग ‘कॉल्ड इट ऑफ’.

एकट्या माणसाने ऐनवेळी टांग मारली आणि बाकीचे गेलेच, तर ते ‘बॅक आउट’. इंग्लंडात ‘क्राय ऑफ’ही ऐकाल, त्यात रडारड काही नसते. राजमाचीचा ट्रेक सहाजणांचा होता, एकाने दांडी मारली : ‘ही बॅक्ड आउट’. सहाहीजणांनी मिळून ठरवलं, की या पावसात नको : ‘वी कॉल्ड इट ऑफ’.

हा फरक सगळ्यात ठळक दिसतो तो संपात. मराठीत संपाचा शेवट किती तऱ्हांनी सांगता येतो बघा. संप मिटला, म्हणजे तोडगा निघाला. संप मोडून काढला, म्हणजे मालकाने किंवा सरकारने. संप फसला, म्हणजे लोक हळूहळू कामावर गेले. संप मागे घेतला, म्हणजे पुकारणाऱ्यानेच संपल्याचं जाहीर केलं. यातल्या फक्त शेवटच्याला ‘कॉल ऑफ’. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो कधी संपला, असं लालबाग-परळच्या जुन्या माणसांना विचारलं, तर तारीख मिळत नाही. इंग्रजीत त्याबद्दल एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं, ‘द स्ट्राइक वॉज नेव्हर ऑफिशियली कॉल्ड ऑफ’. संप विरला, गिरण्यांच्या जागी टॉवर आले, पण ‘मागे घेतला’ असं अधिकृतपणे कुणी म्हणालंच नाही. तोंडाने सांगणं हा या क्रियापदाचा गाभा आहे, तो या एका वाक्यात कळतो.

चौथी पायरी : कायमचं, की आजच्यापुरतं?

‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ यांची अदलाबदल ही आमच्या ऑफिसातली रोजची रड. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, गोष्ट होणार आहे पण नंतर. ‘कॉल ऑफ’ म्हणजे होणार नाही. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते किंवा कोर्टात पुढची तारीख पडते, तिथे तर हे दोन्ही नकोत, ते ‘ॲडजर्न’.

एवढं कळलं, की २०१९ च्या विश्वचषकातले भारत-न्यूझीलंड हे दोन दिवस आठवा. १३ जूनला नॉटिंगहॅमला दोघांचा साखळी सामना होता. पाऊस थांबेना, नाणेफेकसुद्धा झाली नाही, एक-एक गुण वाटून घेतला आणि विषय संपला. हे ‘कॉल्ड ऑफ’. धावफलकावर त्याला ‘अबॅन्डन्ड’ लिहितात. ९ जुलैला मँचेस्टरला उपांत्य सामना, न्यूझीलंड ४६.१ षटकांत ५ बाद २११, आणि पुन्हा पाऊस. पण त्या सामन्याला राखीव दिवस होता. दुसऱ्या दिवशी खेळ तिथूनच पुढे सुरू झाला आणि आपण १८ धावांनी हरलो. त्या ९ जुलैच्या संध्याकाळी माझ्या एका मित्राने परदेशातल्या क्लाएंटला ‘सेमीफायनल कॉल्ड ऑफ’ असा मेसेज टाकला होता. क्लाएंट न्यूझीलंडचा. पुढचे दोन दिवस त्याने याला सुखाने जगू दिलं नाही. बरोबर होतं ते असं : ‘प्ले वॉज कॉल्ड ऑफ फॉर द डे’. खेळ त्या दिवसापुरता थांबवला, सामना नाही.

हे ‘फॉर द डे’, ‘फॉर टुडे’ फार कामाचं आहे. १५ जुलै २०१९ च्या पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी चांद्रयान-२ श्रीहरिकोट्याहून सुटणार होतं. आपल्यातले कितीतरी जण टीव्हीसमोर जागे होते. उड्डाणाला छप्पन्न मिनिटं उरलेली असताना घड्याळ थांबलं. यान वाहून नेणाऱ्या रॉकेटमध्ये तांत्रिक अडचण आढळली म्हणून उड्डाण ‘कॉल्ड ऑफ फॉर टुडे’, नवी तारीख नंतर कळवू, असं इस्रोने जाहीर केलं. आठवड्याभरात, २२ जुलैला दुपारी ते सुटलंही. नुसतं ‘कॉल्ड ऑफ’ लिहिलं असतं, तर मोहीमच गेली असं कुणालाही वाटलं असतं. ‘फॉर टुडे’ या दोन शब्दांनी ‘कॉल ऑफ’चं अर्धं ‘पुट ऑफ’ करून टाकलं.

कधी कधी मोठमोठ्यांनाही कोणता शब्द वापरावा ते ठरवता येत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये भारत-इंग्लंड पाचवी कसोटी मँचेस्टरला होती. भारतीय गोटात कोविडची लागण झाली आणि नाणेफेकीच्या काही तास आधी सामना थांबला. इंग्लंडच्या बोर्डाच्या पहिल्या निवेदनात ‘फॉरफीट’ असा शब्द होता, म्हणजे भारताने सामना सोडून दिला, मालिका बरोबरीत. तो शब्द थोड्याच वेळात काढला गेला. पेपरांनी तेव्हा ‘कॉल्ड ऑफ’ म्हटलं, ते सुरक्षित होतं : थांबवलंय, दोष कुणाचा ते सांगत नाही. शेवटी तो सामना जुलै २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला झाला, आपण हरलो आणि मालिका २-२ सुटली. म्हणजे ‘कॉल्ड ऑफ’ झालेली गोष्टही पुढे होऊ शकते. फक्त बोलण्याच्या क्षणी नवी तारीख हातात नसते. तारीख हातात असेल, तर ‘पुट ऑफ’ किंवा ‘पोस्टपोन’ लिहा. आणि अलीकडे ओढलं असेल, तर आपलं लाडकं ‘प्रीपोन’ भारतातच ठेवा. बाहेरच्यांना ‘वी हॅव मूव्ह्ड इट अप’ किंवा ‘अर्लिअर’ असं काहीतरी सांगावं लागतं.

पाचवी पायरी : वाक्य बांधताना

मराठीत मॅच रद्द ‘झाली’. केली कुणी, हे न सांगता वाक्य पुरं होतं. त्याच वळणाने मुलं ‘द मॅच कॉल्ड ऑफ’ लिहितात आणि मॅचनेच कुणाला तरी हाक मारली असा अर्थ होतो. मॅच कर्त्याच्या जागी असेल, तर मधे ‘वॉज’ किंवा ‘हॅज बीन’ लागतंच : ‘द मॅच वॉज कॉल्ड ऑफ’, ‘द मीटिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ’. नवीन मुलं मग पेपर दाखवतात, सर इथे तर ‘मॅच कॉल्ड ऑफ’ छापलंय. तो मथळा आहे. जागा वाचवायला मथळ्यातून ‘वॉज’ काढतात, तसा तो आपल्या मेलमधून काढता येत नाही.

दुसरं ‘इट’चं. नाव असेल, तर दोन्हीकडे ठेवता येतं, ‘कॉल ऑफ द मीटिंग’ आणि ‘कॉल द मीटिंग ऑफ’. पण ‘इट’, ‘देम’ असलं सर्वनाम आलं, की ते मधेच बसतं : ‘कॉल इट ऑफ’. ‘कॉल ऑफ इट’ कधीच नाही. ‘मोडूनच टाकलं’ यात आपला ‘च’ जसा मधे शिरतो, तसं समजा. आणि नाव लांबलचक असेल, तर ‘कॉल ऑफ’ एकत्र ठेवून नाव मागे न्या. नाहीतर ‘ऑफ’ येईपर्यंत वाचणारा सुरुवात विसरतो.

कानाचंही बघा. बोलताना ‘कॉल्ड ऑफ’ सलग येतं, ‘कॉल्डॉफ’ असं, आणि जोर ‘ऑफ’वर असतो. कॉन्फरन्स कॉलवर नवख्याला नुसतं ‘कॉल’ ऐकू येतं आणि तो फोनची वाट बघत बसतो. जोर ‘कॉल’वर आणि मागे आकडा असेल, तर ते आमच्या डिस्पॅचवालं नाम. माल बांधायला घ्या.

सहावी पायरी : प्रत्यक्ष मेसेज

परवा आमच्याकडच्या प्रज्ञाने ऑडिटची बैठक होणार नाही हे कळवायला लिहिलं होतं : ‘डियर सर, टुडेज मीटिंग कॉल्ड ऑफ, काइंडली डू द नीडफुल.’ मी म्हटलं, “प्रज्ञा, कोणी रद्द केली?”

“क्वालिटीच्या सरांनी.”

“पुन्हा होणार आहे?”

“हो सर, सोमवारी अकराला.”

“मग ही कॉल ऑफ झालीच नाही. पुढे गेली.”

तिने बदलून लिहिलं : ‘टुडेज मीटिंग हॅज बीन पुट ऑफ टिल मंडे, इलेव्हन ए.एम.’ सोमवार ठरलेला नसता, तर मी तिला असं लिहायला सांगितलं असतं : ‘वी हॅव हॅड टू कॉल ऑफ टुडेज मीटिंग. वी विल शेअर अ न्यू डेट सून.’ यातलं ‘हॅव हॅड टू’ म्हणजे ‘करावी लागली’, त्याने नकार मऊ होतो. आणि ‘डू द नीडफुल’ मी खोडलं, कारण करण्यासारखं काही नव्हतंच.

बोलताना याहून सोपी वाट आहे : ‘द मीटिंग इज ऑफ’. बैठक बारगळलीय किंवा रद्द आहे, कुणामुळे ते जाऊ दे. सरळ तोंडी सांगायला हे उत्तम. मात्र माणसाला लावलं, तर अर्थ फिरतो. ‘शी इज ऑफ टुडे’ म्हणजे तिची आज सुट्टी. आणि इंग्लंडात कुणी ‘द मिल्क इज ऑफ’ म्हणालं, तर दूध नासलंय, चहा काळा घ्या.

अमेरिकेत गेलेल्यांसाठी एक वेगळं. तिथल्या काही भागांत, ओहायो-पेनसिल्व्हेनियाकडे विशेष, शिफ्टवर काम करणारी माणसं ‘आय कॉल्ड ऑफ टुडे’ म्हणतात. म्हणजे मी फोन करून कळवलं, की आज येत नाही. क्लीव्हलंडला असलेल्या माझ्या भाच्याला त्याच्या सहकाऱ्याने पहिल्याच आठवड्यात हे सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं होतं, “व्हॉट डिड यू कॉल ऑफ?” काय रद्द केलं होतंस? सहकारी गोंधळला, कारण काहीच रद्द झालेलं नव्हतं, त्याला नुसता ताप होता. तिथे ‘ऑफ’नंतर कोणतीही गोष्ट येत नाही, आली तर ‘वर्क’ किंवा दिवस येतो. तेवढ्यावरून ओळखायचं.